झाडावरचा मासा

एका जंगलात सगळं होतं, मुलांनो, फक्त मानचिन्ह नव्हतं.

नदी होती, नदीकाठी नगर होतं, नगराला नगरपालिका होती. नगराध्यक्ष होते गवा आप्पासाहेब. चिटणीस कोल्हा होता, कारण चिटणीस बहुतेक ठिकाणी तोच असतो. रस्ते नव्हते, पण रस्त्यांना नावं होती. एकूण सगळं सुरळीत चाललं होतं.

मानचिन्ह म्हणजे काय, असं विचारायला ज्यांनी हात वर केलेत त्यांनी ते खाली करावेत. सांगतोच आहे. मानचिन्ह म्हणजे नगराचं असं चित्र, ज्यात नगर दिसत नाही. वाघ दिसतो, कमळ दिसतं, ढाल दिसते, आणि खाली एकदोन शब्द असतात जे कुणाला कळत नाहीत. हे चित्र कागदाच्या डोक्यावर छापतात. मग खाली काय लिहिलंय ते वाचायची गरज पडत नाही.

नदीपलीकडच्या सागवाडी नगराला असं मानचिन्ह होतं. एकदा तिथून उड्यांच्या शर्यतीचं आमंत्रण आलं. वर झोकात वाघ आणि कमळ. आपल्या नगरानेही उत्तर पाठवलं, त्यावर आप्पासाहेबांचा खूर उमटवून. सागवाडीने उलट कळवलं, "पत्र पोचलं. वाटेत त्यावर कुणीतरी पाय दिलेला दिसतो."

आप्पासाहेब तीन दिवस चरले नाहीत.

चौथ्या दिवशी समिती बसली. सशाला मानचिन्हावर ससा हवा होता. मुंगसाला साप सोडून कुणीही चालणार होतं. साप म्हणाला, मला हातपाय नाहीत, चित्र काढायला सोपा पडेन. एवढ्यावरून इतकी बाचाबाची झाली की आप्पासाहेब वैतागून उठले आणि नदीकाठच्या एका शेवाळलेल्या दगडावर पाठ घासायला गेले. वैताग आला की ते पाठ घासत.

त्या दिवशी वैताग मोठा होता. घासता घासता सगळं शेवाळ निघालं, आणि खाली चित्र दिसलं.

तळाशी तीन नागमोडी रेघा. त्यांच्यावर एक झाड, दगडाशेजारी उभं होतं तसंच. झाडाच्या शेंड्यावर एक मासा. आणि खाली मोडी लिपीत एका ओळीत कोरलेली पाच अक्षरं.

"मानचिन्ह!" आप्पासाहेब ओरडले. "आपल्याकडे आधीपासूनच होतं!"

लगेच बगळेशास्त्रींना बोलावलं. बगळेशास्त्री म्हणजे नगराचे इतिहासकार. तासन् तास एका पायावर उभे राहायचे, आणि एका पायावर उभा राहणारा विचार करत असणार असं सगळ्यांना वाटायचं. मोडी येते का, असं विचारल्यावर ते म्हणाले, "येते. फक्त वाचायची वेळ आजवर आली नव्हती."

मग त्यांनी चोचीने एकेक रेघ दाखवत अर्थ सांगितला.

"या लाटा म्हणजे प्रगती. तीन आहेत, म्हणजे तिप्पट प्रगती. हे झाड म्हणजे स्थैर्य. आणि हा मासा म्हणजे महत्त्वाकांक्षा. इतर गावांचे मासे पाण्यात असतात."

"वा!" सगळे म्हणाले.

"आणि ही अक्षरं. ये, थे, न, व, स. येथे नवस! इथे बोललेला नवस फळतो, असं पूर्वज सांगून गेलेत."

आनंदीआनंद झाला. मासा-झाड-लाटा कागदांवर आले, कमानीवर आले, कचऱ्याच्या खड्ड्यावरही आले. नवस बोलायला दगडापुढे रांग लागली. कुणी शेपटी झुबकेदार व्हावी म्हणून, कुणी शेजाऱ्याची होऊ नये म्हणून. शेवटी नगरपालिकेने ठराव केला की असा पवित्र दगड असताना नागरिकांनी लांब राहणं शोभत नाही. सर्वांनी आपली घरटी, बिळं आणि गोठे उचलून दगडाच्या आसपास, ऐन काठावर आणावेत. त्या जागेला नाव दिलं मानचिन्ह चौक.

आता साळूबाई येतात. मला साळूबाई फार आवडतात, हे आधीच सांगून टाकतो, म्हणजे नंतर मी पक्षपात केला असं कुणी म्हणायला नको.

साळूबाई म्हणजे साळिंदर. त्यांचं बीळ काठापासून जरा वर होतं, आणि बिळात आठ दिवसांची दोन पिल्लं होती. त्यांचे काटे अजून मऊ होते. ठरावाचा कागद मिळाला तशा साळूबाई नवी जागा बघायला खाली आल्या. तिथे त्यांनी दगड पाहिला आणि जागा बघायचं सोडून दिलं.

कारण त्यांना मोडी खरंच येत होती. त्यांचं घराणंच लिहिणाऱ्यांचं. अंगावर टाक घेऊनच जन्माला आलेली माणसं ती, म्हणजे साळिंदरं. आजोबांच्या काट्यांनी तर निम्म्या जंगलाची कागदपत्रं लिहिली होती.

साळूबाई तशाच सभेत गेल्या.

"शास्त्रीबुवा," त्या म्हणाल्या, "रागावू नका, पण ते 'येथे नवस' नाही हो. 'येथे न वस' असं आहे. इथे वस्ती करू नकोस, म्हणून सांगितलंय."

"अक्षरं तीच ना?" शास्त्रींनी विचारलं.

"तीच."

"मग वाद कशाचा?"

"मधल्या जागेचा."

"दगडावर कुठे सोडलीये जागा?"

"मोडीत सोडत नाहीत. वाचणाऱ्याने समजून घ्यायची असते."

"ऐका!" शास्त्री सभेकडे वळले. "दगडावर जे नाही तेच या बाई वाचतात!"

सभा खो खो हसली. साळूबाई हटल्या नाहीत.

"बरं, अक्षरं राहू द्या. मासा आपण होऊन झाडावर चढतो का? पाणी चढतं, त्याच्याबरोबर मासा चढतो. आप्पासाहेब, पूर्वी कधीतरी नदी त्या शेंड्यापर्यंत आली होती. ज्यांनी पाहिलं त्यांनी पुढच्यांसाठी कोरून ठेवलं. हे मानचिन्ह नाही, सूचना आहे. माझी पोरं लहान आहेत, मी नाही आणायची त्यांना काठावर. आणि तुम्हीही राहू नका."

मुलांनो, त्या क्षणी सगळं नीट होऊ शकलं असतं. आप्पासाहेबांनी नदीकडे पाहिलं, झाडाकडे पाहिलं, आणि ते विचार करायच्या अगदी बेतात होते.

तेवढ्यात ससा म्हणाला, "माझ्या भावना दुखावल्या."

मुंगसाने स्वतःला चाचपून पाहिलं. त्याच्याही दुखावल्या होत्या. मग सगळ्यांनीच चाचपलं. सापाच्या तर शेपटीपर्यंत दुखावल्या होत्या.

कोल्ह्याने तिथल्या तिथे ठराव लिहिला. मानचिन्हाचा अपमान केल्याबद्दल साळूबाईंना पोराबाळांसह नगरातून हद्दपार करण्यात येत आहे. त्यांनी मागच्या टेकडीवर, उंच, लांब आणि गैरसोयीच्या जागी जाऊन राहावं.

साळूबाईंनी दोन्ही पिल्लं उचलली. जाताना त्या सशापाशी थांबल्या. त्याच सशापाशी. त्याला सहा पोरं होती.

"भाऊजी, तुम्ही नका येऊ. पण पोरांना तरी पाठवा माझ्याबरोबर. चार दिवस मावशीकडे राहतील."

सशाने तोंड फिरवलं. साळूबाईंना रडू आलं. स्वतःसाठी नाही. त्यांची पोरं सुटली होती, त्या सहांसाठी आलं.

पुढे महिनाभराने मानचिन्ह महोत्सव आला. भर दुपारी, आप्पासाहेबांचं भाषण ऐन रंगात असताना, नदीचं पाणी गढूळ झालं. वर डोंगरात कुठेतरी ढग फुटला होता. आप्पासाहेब म्हणाले, "प्रगतीच्या लाटा," आणि लाट आली. मग दुसरी आली. तिसरीला कुणी थांबलं नाही.

सगळे टेकडीकडे धावले. आप्पासाहेबांबद्दल एक चांगली गोष्ट सांगायलाच हवी. त्यांनी सशाची सहाही पोरं पाठीवर घेतली, शिंगांना मुंगसाला आणि सापाला शेजारी शेजारी लोंबकळू दिलं, आणि छातीभर पाण्यातून सगळ्यांना वर आणलं. वर साळूबाई उभ्याच होत्या. एकेकाचं नाव घेऊन मोजत होत्या. सगळे आले. बगळेशास्त्री सोडले तर एकही कमी नव्हता. मग त्यांनी सगळ्यांना आपल्या गुहेत घेतलं आणि कंदमुळं पुढे ठेवली.

आता यांना कळलं असेल, असं साळूबाईंना वाटलं. मलाही वाटलं होतं.

संध्याकाळ व्हायच्या आत बगळेशास्त्री उडत आले. ते इतका वेळ त्या झाडाच्या शेंड्यावर बसून होते.

"सिद्ध झालं!" ते धापा टाकत म्हणाले. "मासा झाडावर चढला! माझ्या डोळ्यांदेखत! मानचिन्हातला शब्दन् शब्द खरा आहे!"

"कुठे आहे तो मासा?" आप्पासाहेबांनी विचारलं.

"संशोधनासाठी घेतला," शास्त्री म्हणाले आणि त्यांनी ढेकर दिला.

गुहा टाळ्यांनी दणाणली. टाळ्या थांबल्यावर कोल्हा खाकरला.

"एक अडचण आहे. ठरावाप्रमाणे साळूबाईंना नगरात राहता येत नाही. आणि नगर सध्या त्यांच्या घरात आहे."

सगळ्यांनी साळूबाईंकडे पाहिलं. साळूबाईंनी कोल्ह्याकडे पाहिलं. त्याच्या हातात त्यांनीच दिलेला कंद होता.

"चुकलंच माझं," त्या म्हणाल्या, आणि पिल्लांना घेऊन बाहेरच्या कपारीत जाऊन बसल्या.

उजाडायच्या सुमारास त्या उठल्या. गुहेच्या तोंडाशी एक मोठा गुळगुळीत दगड होता. त्यांनी पाठीवरचा सगळ्यात टणक काटा काढला आणि कोरायला बसल्या. या वेळी मोडी नाही. बाळबोध, ठसठशीत, पाटीवर गिरवतात तशी. दोनच शब्द, आणि दोन शब्दांच्या मध्ये एवढी जागा सोडली की तिथे सशाने आडवं व्हावं.

येथे          वसा.

म्हणजे काय, ते तुम्हाला कळलं. इथे राहा. तुम्ही लहान आहात म्हणून कळलं.

सकाळी पाणी उतरलं होतं. मंडळी आळोखेपिळोखे देत बाहेर आली आणि दगडापुढे थबकली. बगळेशास्त्री एका पायावर उभे राहिले. बराच वेळ राहिले.

"वसा!" ते एकदम ओरडले. "येथे वसा! खाली नवस, आणि येथे वसा! दर वर्षी इथे यावं, फुलं वाहावीत, वसा घ्यावा, आणि घरी जावं!"

"घरी म्हणजे?" साळूबाईंनी विचारलं.

"मानचिन्ह चौकात," आप्पासाहेब म्हणाले. "अजून ओलं असेल थोडं."

सगळ्यांनी रानफुलं वाहिली. सगळ्यांनी हात जोडून वसा घेतला. सशाने तर सहा पोरांचे सहा वेगळे घेतले. मग सगळे रांगेने, गाणी म्हणत, टेकडी उतरून पुन्हा नदीकाठी राहायला गेले.

साळूबाई आधी खूप चिडल्या. मग त्यांना हसू आलं. इतकं आलं की सगळे काटे खुळखुळायला लागले, आणि पिल्लं घाबरून त्यांच्या पोटाखाली शिरली. दर वर्षी वसा घ्यायला पोरं वर येतात. त्यातली सशाची दोन तरी पावसाळ्याचं पाणी ओसरेपर्यंत "मावशी, पाय दुखतोय" म्हणून मागे राहतात. साळूबाई त्यांना अक्षरं शिकवतात. जागेसकट.

तात्पर्य : मुलांनो, खरं अवश्य बोलावं. त्याने कुणाचं डोकं ठिकाणावर येत नाही, पण आपलं बिऱ्हाड चांगल्या ठिकाणी जातं.