हंड्याच्या गळ्याभोवती

"नाव पहिले घरातल्या मोठ्याचं येतं," जीवरामआबा म्हणाले. "मंग बाकीचं."

ओट्यावर तांब्याचा नवा हंडा होता. त्याला पितळी तोटी बसवलेली. पहूरच्या मोटार स्टँडवरच्या पाणपोईत तो ठेवायचा होता, तापीच्या नावानं. तापी म्हणजे आबांचा मुलगा लोटन याची दीड वर्षाची पोर. हिवाळ्यात गोवरानं गेली. इतकं लहान लेकरू गेलं तर दारावर सांत्वनाला कोणी येत नाही, अशी रीत. घर लगेच केळीच्या कामाला लागलं. तिची आई कुंदा रडेल म्हणून कोणी तापीचं नाव काढेना, आणि घरच्यांना बरं वाटावं म्हणून कुंदा रडेना. लग्न झाल्यापासून तिनं सासऱ्याकडे मागितलं ते एवढंच, हा हंडा. निदान तहानलेली परकी माणसं तरी पोरीचं नाव वाचतील.

दाराआडून ती नवऱ्याला म्हणाली, "त्यायले सांगा ना, 'तापी हिच्या स्मरणार्थ' हे पहिले घाला."

लोटननं सांगितलं.

"अन् मी काय शेपटाले?" आबा म्हणाले. "गाव हसीन."

भांड्यावर नाव घालणारा चांदभाई छिन्नी धरून बसला होता. "आबा, काय ते ठरवून सांगा. एकदा ठोकलं की पुसता येत नाही."

आबांनी सांगितलं आणि चांदभाईनं ठोकलं. बरोबर तोटीच्या वरून सुरुवात करून 'जीवराम वना चौधरी, पहूर' अशी बोराएवढी अक्षरं काढली. 'यांजकडून' म्हणेपर्यंत हंड्याची मागची बाजू आली. पुढे जागा पुरते की नाही या धास्तीनं 'नात तापी हिच्या' त्यानं मुंग्यांएवढ्या अक्षरांत उरकलं. मग पाहतो तर जागा उरलेली. तेव्हा 'स्मरणार्थ' चांगलं ऐसपैस ठोकलं, ते फिरून थेट 'जीवराम'ला येऊन भिडलं.

कुंदानं हंड्याभोवती फिरून सगळं वाचलं. तापी मागच्या बाजूला होती.

पाणपोईत हंडा कोपऱ्यात बसवला. तोटी पुढे, मागची बाजू भिंतीला. पाणी प्यायला वाकणाऱ्याला दिसे ते एवढंच : स्मरणार्थ जीवराम वना चौधरी, पहूर.

दुसऱ्याच दिवशी झिपरू न्हावी धोपटी घेऊन घाईघाईनं आला आणि दारातच थबकला. आबा ओट्यावर शेंगा फोडत होते.

"आबा, तुम्ही तं बसेल हाये."

"मंग काय उभा राहू?"

"नही, मले स्टँडवर समजलं, तुम्ही..." झिपरूनं वाक्य गिळलं. "लोटनभाऊची डोई कराले आलतो. आता आलोच हाये तं तुमची दाढी करू?"

दाढी अर्धी झाली तोवर केळीचे व्यापारी बन्सीलालशेठ पांढरी टोपी हातात घेऊन आले. आबांचा फेसाळलेला गाल पाहून ते म्हणाले, "वा, तब्येत चांगली दिसतेय," आणि टोपी घालून निघून गेले.

"लोटन," आबा ओरडले, "जाय, तो हंडा फिरव."

"फिरवला तं तोटी भिंतीले लागीन. पानी कोठून पितीन लोकं?"

तेवढ्यात कोपऱ्यावरून गळा काढलेला ऐकू आला. धुळ्याची भिकुबाई, आबांची धाकटी बहीण. बातमी मोटारीबरोबर धुळ्याला पोचली होती. "माह्या भाऊ रे, मले न सांगता कसा गेला रे," म्हणत ती ओट्यावर चढली आणि भावाच्याच अंगावर आदळली.

"भिकुबाई, उठ. मी हाये," आबा म्हणाले.

भिकुबाईनं त्यांना चाचपलं. अर्धा गाल गुळगुळीत, अर्धा खरबरीत. मग ती चिडली. "मंग मेलं कोन? हंड्यावर लिहेल हाये ते काय खोटं?"

आबांनी शेंगांची सालं गोळा केली. पुन्हा खाली टाकली.

"तापी," ते म्हणाले. "लोटनची पोर."

हंड्यावर घालण्यापुरतं सोडलं, तर हे नाव इतक्या महिन्यांत त्या घरात पहिल्यांदाच मोठ्यानं उच्चारलं गेलं. आत कुंदाच्या हातातलं पीठ हातातच राहिलं.

"मले काहून नही कळवलं?"

"लहान व्हती. लहान लेकराचं काय कळवतात."

"मी एवढ्या उन्हात रडत आली," भिकुबाई पदर सावरत म्हणाली. "आता रडूनच जाईन. सांग, कशी व्हती पोर?"

शेजारपाजारच्या बाया जमल्या होत्या. झिपरूही वस्तरा मिटून खाली बसला.

"चांगली व्हती," आबा म्हणाले. दिवसभर ते केळीत असत. त्यांनी दाराकडे मान वळवली. "सूनबाई, बाहीर ये. मले नीट सांगता येत नही."

वडीलधाऱ्यांसमोर ओट्यावर कुंदा कधी बसली नव्हती. पिठाचे हात घेऊन ती आली. भिकुबाईनं तिला जवळ ओढून बसवलं.

दातांचं आधी सांगावं, की केळीच्या पानावर झोपायची ते, की शेवटच्या रात्रीचं, तिला कळेना. सगळे वाट पाहत होते.

"तापी," ती म्हणाली. पुढचं यायला वेळ लागला. कोणी घाई केली नाही.