रिकाम्या काडीवरची वस्ती

पुस्तकावर डाग पडले होते सहा आणि ग्रंथपालांनी गुन्हेगार ठरवला होता एक.

ग्रंथालयातलं सगळ्यात जुनं पुस्तक, हाताने रंगवलेल्या झाडापानांचं, टेबलावर उघडं होतं आणि सहा पानांच्या कोपऱ्यांवर तपकिरी ठिपके उठले होते. "थुंकीचे डाग आहेत," ग्रंथपाल म्हणाले, "आणि या इमारतीत बोट चाटून पान उलटणारा माणूस एकच आहे." बाइंडरकाका मान खाली घालून उभे होते. बोट चाटण्याविरुद्ध ग्रंथपालांनी भिंतीवर सूचना लावली होती, टेबलाटेबलावर ओल्या स्पंजच्या वाट्या ठेवल्या होत्या, तरी छत्तीस वर्षांची सवय काकांचं बोट ओठांकडे नेतच असे. निवृत्तीला दोन महिने होते. हे पुस्तक शिवून मगच घरी जायचं, एवढीच त्यांची इच्छा होती. ग्रंथपाल मात्र त्यांना पिशव्या सांभाळायच्या काउंटरवर बसवणार होते.

"बसवा," काका म्हणाले, "पण आधी सिद्ध करा."

म्हणून प्रयोगशाळेतून एक मुलगी आली. माती, पाणी, धूळ कशातलेही जंतू डीएनएवरून ओळखायचं तिचं काम. काकांनी तासाभरात तिचं नाव जंतूबाई ठेवून टाकलं. ती एका हातात नळी धरायची, दुसऱ्या हातात पाकीट, टर्र! आतली कापसाची काडी पानावर फिरवायची आणि नळीत बंद करायची. सहा पानांच्या सहा काड्या झाल्या. सातवी तिने कशालाच न लावता नळीत टाकली.

"ही फुकट घालवलीस की!"

"ही साक्षीदार, काका. आमच्याच हातून काही मिसळलं तर ही चुगली करते."

दहा दिवसांनी ती लॅपटॉप घेऊन आली. पडद्यावर अक्षरांच्या ओळी मुंग्यांसारख्या धावत होत्या. डीएनएचे चार कोटी तुकडे! आधी खराब तुकडे गाळायचे, मग माणसाचे आणि झाडांचे बाजूला काढायचे, उरलेला एकेक तुकडा जंतूंच्या भल्यामोठ्या यादीशी ताडून पाहायचा. काका खुर्ची ओढून जवळ बसले.

"म्हणजे हजार पुस्तकं फाडून एका पोत्यात कोंबली," ते हळू आवाजात म्हणाले, "आणि तू चिठोरं बघून सांगणार, हे कुठल्या पुस्तकाचं?"

जंतूबाई बघतच राहिली. तिच्या साहेबांना हे समजावायला चाळीस स्लाइड लागत.

दुपारभर काम चाललं. नावं उमटू लागली तसे काका प्रत्येक नावाला "अरे बापरे" म्हणू लागले. चारशे बारा जाती! टाचणीच्या डोक्याएवढ्या डागावर चारशे बारा! आयुष्यभर पुस्तकं हाताळली, पण पानावर असं गाव वसलेलं असतं हे त्यांना कुणी सांगितलंच नव्हतं. स्वतःवर खटला चालू आहे, हेसुद्धा ते विसरून गेले होते.

ग्रंथपाल विसरले नव्हते. "कुठले आहेत हे?"

जंतूबाईचा आवाज खाली आला. "तोंडातले. सहाही पानांवर एकाच माणसाच्या तोंडातले असावेत."

"उद्या अकरा वाजता लेखी अहवाल द्या," ग्रंथपाल म्हणाले. काकांनी आपली सुई आणि दोरा डबीत ठेवला.

दुसऱ्या दिवशी सकाळी चहाबरोबर तिने बिस्किटांचा पुडा उचलला. टर्र!

"कात्री काय शोभेला ठेवलीय?" आई ओरडली. "लहानपणापासून घसा कोरडा करतेय! दात पुडे फोडायला दिलेत का?"

जंतूबाईच्या दातांत पुड्याचा कोपरा तसाच राहिला. नळी एका हातात, पाकीट दुसऱ्या हातात. मग टर्र कशानं केलं होतं? चहा तसाच ठेवून तिने लॅपटॉप उघडला. घाईत तिने सातव्या काडीचा निकाल पाहिलाच नव्हता. ती काडी कुठल्याही पानाला लागली नव्हती. तिच्यावर जाती होत्या चारशे आठ, आणि सगळ्या त्या सहा पानांवरच्याच.

साक्षीदाराने चुगली केली होती, आणि तीही तिचीच.

अकरा वाजता तिने अहवाल टेबलावर ठेवला. नोकरीला वर्षही झालं नव्हतं. "सर, थुंकी माझी आहे. मी पाकिटं दातांनी फोडली." मग एका दमात पुढचं सांगितलं. "रिकाम्या काडीवर जे सापडलं ते सगळं वजा केलं, तर पानांवर चारच जाती उरतात. त्यांपैकी एकही तोंडातली नाही. दोन बुरशी, दोन पाण्यातले जंतू. एसीच्या निचऱ्याच्या पाण्यात अशी मंडळी राहतात."

सगळ्यांनी एकदम वर पाहिलं. हे पुस्तक ज्या कपाटात असे, त्याच्या बरोबर वरून ग्रंथपालांच्या केबिनच्या एसीची नळी गेली होती. काकांनी स्टूल ओढलं, कपाटाच्या माथ्यावरून हात फिरवला आणि ओला तळवा सगळ्यांना दाखवला.

"आता मीही खरं सांगतो साहेब," स्टुलावरूनच काका म्हणाले. "इथल्या बाकी सगळ्या पुस्तकांवर माझी थुंकी निघेल. याच्यावर नाही. जुन्या हिरव्या रंगात विष असतं, त्याला जीभ लावायची नाही, असं माझ्या गुरूनं पहिल्या दिवशी बजावलं होतं."

ग्रंथपाल खुर्चीत बसले. त्यांनी अहवाल पुढ्यात ओढला. जातींची यादी बघता बघता त्यांचाही चेहरा लहान मुलासारखा झाला. "एवढे... सगळे... एका माणसाच्या तोंडात?"

"तुमच्याही आहेत, सर. प्रत्येकाच्या."

"कमाल आहे!" ग्रंथपाल पुटपुटले. पुढची नावं वाचायची त्यांना इतकी घाई झाली, की त्यांनी बोट जिभेला लावलं आणि पान उलटलं.

काका स्टुलावरून खाली उतरले, ओल्या स्पंजची वाटी उचलली आणि अलगद साहेबांच्या कोपराजवळ सरकवली. मग खिशातून डबी काढून सुईत दोरा ओवायला बसले.