बारा गोळे आणि मधला एक

अपेक्षाचा नागपूरला उद्या सेमिनार होता आणि तिचा सोन्याच्या अणूंचा गुच्छ संगणकात सतराव्यांदा चपटा झाला होता. बारा अणू, मधे पोकळी, अशी तिची सुबक कल्पना. अणूंना ती मान्य नव्हती. गुच्छ उभा राहिला नाही, तर तीन वर्षांची पीएचडीही चपटी होणार होती. निदान मॉडेल तरी उभं दिसावं म्हणून ती भंडाऱ्यातल्या श्यामरावांच्या पितळेच्या दुकानात गेली.

"सुपारीएवढे बारा गोळे, काकाजी. काड्या लावू नका. अणूंमधी काड्या नसतात."

"मंग त्याईले धरून काय ठेवते?"

"इलेक्ट्रॉन. ते कोन्या एकाचे नसतात, साऱ्याईचे असतात."

"म्हंजे एकत्र कुटुंब," म्हणत श्यामरावांनी गोळ्याला गोळा झाळायला घेतला.

दुपारी गुच्छ उभा राहिला आणि चहा येईपर्यंत चपटा होऊन बसला. दुसऱ्यांदा तो श्यामरावांच्या बायकोच्या, मंदाबाईंच्या शिंकेने बसला. तिसऱ्यांदा सगळे श्वास रोखून नुसते बघत होते, तरी बसला.

"काहून वं, संगणकात तरी उभा रायते का हा?" श्यामरावांनी विचारलं.

"नाही. सतरा वेळा बसला."

"आन मले आता सांगून राहिली!"

सकाळी श्यामरावांनी तिच्या हातात कागदात गुंडाळलेला गुच्छ ठेवला. उभा होता. एसटीत शेजारणीने विचारलं, काय आहे? अपेक्षा खरं बोलली, "सोन्याचा क्लस्टर." नागपूरपर्यंत आसपास कुणी डुलकी घेतली नाही.

सेमिनारला तिच्या मार्गदर्शक सरांनी मॉडेल उचललं आणि फटीला डोळा लावला. "मधे हे काय?"

अपेक्षाने डोकावलं. आत भातगिरणीच्या बेअरिंगची पोलादी गोळी होती. तिने तिथूनच श्यामरावांना फोन लावला.

"मधात काय टाकलं, काकाजी?"

"घरात मोठं मानूस नोको का?" स्पीकरवर सगळ्यांनी ऐकलं. "बारा भाऊ, मधात कोनीच नाही. मंग बसनच ना!"

सरांनी फटीतून गोळी पुन्हा एकदा पाहिली. मग म्हणाले, "मधे वेगळा धातू ठेवून गणित पुन्हा लावा."

चौथ्या दिवशी उत्तर आलं. गुच्छ संगणकातही उभा होता.

आठवड्याने सरांनी नव्या चार रचना पाठवल्या. अपेक्षाने त्या दुकानात दाखवल्या. श्यामरावांनी चष्मा लावून तीन पास केल्या.

"ही चौथी कोनं काढली?"

"सरांनी."

"बसन. त्याईले म्हना, एखांदा महिना दुकानात येऊन बसा."

सर सोमवारपासून येणार आहेत.