मच्छिंद्रानं घेतलेली परीक्षा

घोडेगावच्या बाजारात मच्छिंद्राला आजवर एकाही व्यापाऱ्यानं फसवलं नव्हतं, असं मच्छिंद्र स्वतःच सांगायचा! बैलाचे दात बघायचे, शेपटी पिरगाळायची, चार पावलं चालवायचं आणि मगच विसाराचे पैसे द्यायचा. त्यामुळे आईला सांभाळायला बाया ठेवायची वेळ आली, तेव्हा तो छाती फुगवून बायकोला म्हणाला, "चांगुणे, बैल घेताना आपन चालवून बघतो. मग आईला काय डोळे मिटून कुनाच्या बी हातात द्यायची व्हय?"

त्याची आई बनुबाई पायरीवरून पडली होती आणि कंबर मोडून माजघरातल्या बाजेवर खिळली होती. मच्छिंद्राला राहुरीच्या नव्या कृषी विद्यापीठात शिपायाची नोकरी लागलेली. नवरा-बायकोला तिकडं बिऱ्हाड करायचं होतं आणि आई काही गाव सोडायला तयार नव्हती. शेवगावच्या गोजरबाई आणि रंगुबाई घरोघर राहून आजारी माणसं आणि बाळंतिणी सांभाळायच्या. त्यांचं नाव चांगलं होतं. पण मच्छिंद्राला भरवसा वाटेना. आपण तिकडं दूर, आणि इकडं आई 'पाणी, पाणी' करतेय नि कुणी उठत नाही, हे चित्र त्याच्या डोळ्यांपुढून हलतच नव्हतं.

शेवटी त्यानं बेत ठरवला. "आईच्या आधी मीच आजारी पडतो! माझ्या अंगावरून वारं गेलं, वाचा गेली म्हनून सांग. बघतोच कशा वागत्यात."

"अगं बया! असलं अभद्र सोंग करू नये," चांगुणा म्हणाली. "सोंगाचं कधी खरं व्हईल, सांगता येत न्हाई."

"तू दळान घिऊन गिरनीवर जा. तुला हसू आवरायचं न्हाई."

माजघरातून बनुबाई ओरडली, "मच्छिंदर, काय चाललंय रं?"

"गप पड आई! तपासनी हाय!"

दोघी आल्या. गोजरबाईचा दंड तालमीतल्या पैलवानासारखा, रंगुबाई वाळलेल्या तुरीच्या काडीसारखी. चांगुणानं त्यांच्याकडं न बघताच ठरलेलं खोटं सांगितलं आणि टोपली डोक्यावर घेऊन गेली. पडवीतल्या बाजेवर मच्छिंद्र तोंड वाकडं करून पडला होता.

"रंगू, जबडा निसटतोय बघ! आधी बांध!" गोजरबाई म्हणाली.

आता गोष्ट अशी, की जन्मभर जास्त करून बाळंतिणीच सांभाळून दोघींचा हात त्यातच बसलेला. दुखणं कुठलंही असो, इलाज बाळंतिणीचा! रंगुबाईनं जुन्या लुगड्याची पट्टी हनुवटीखालून घेऊन डोक्यावर करकचून गाठ मारली. कानांत कापसाचे बोळे घातले. गोजरबाईनं त्याला हातापायांसकट घोंगडीत गुंडाळला, बाजेखाली शेगडी सरकवली आणि निखाऱ्यांवर ओवा-वावडिंग टाकलं. धूर भसाभसा वर आला.

'कामाला पक्क्या आहेत,' मच्छिंद्राला मनातून बरं वाटलं. आता उठून बसावं आणि शाबासकी द्यावी म्हणून त्यानं तोंड उघडलं. तोंड उघडलंच नाही! हात हलवला, तर हात घोंगडीत.

"हूं! हूंऽऽ!"

"बरं वाटतंय जनू," गोजरबाई म्हणाली. "रंगू, तू कबुतर मिळतंय का बघ. त्येचं रगत चोळलं की वारं उतरतंय. मी आंघुळीला हिरीवरनं पानी आनून तापवते." रंगुबाई पुढच्या दारानं गेली, गोजरबाई मागच्या.

कबुतराचं रक्त! मच्छिंद्र घोंगडीतल्या घोंगडीत वळवळला. धुरानं डोळे चुरचुरायला लागले म्हणून त्यानं ते गच्च मिटून घेतले.

इकडं रंगुबाई दारोदार कबुतर मागत फिरली, तशी बातमी गावभर झाली. मच्छिंद्राचा चुलता काकासाहेब धोतराचा सोगा सावरत धावत आला आणि पडवीच्या दारातच थबकला. पुतण्या अंगभर गुंडाळलेला, जबडा बांधलेला, कानांत कापूस, डोळे मिटलेले, भोवती धूर!

"गेला रं! माझा मच्छिंद्रा गेलाऽऽ!"

घटकाभरात अंगण भरलं. शेजारची कडूबाई ऊर बडवायला लागली. काकासाहेबानं दोघांना बांबू आणायला पिटाळलं. कानात बोळे असूनही 'बांबू' मच्छिंद्राला स्पष्ट ऐकू आलं! त्यानं सगळा जोर लावून अंग आक्रसलं.

"हालला!" कडूबाई किंचाळली.

"वासना अडकलीय," काकासाहेब डोळे पुसत म्हणाला. "मच्छिंद्रा, आईची काळजी करू नगं रं बाबा. आमी हाय!"

"आन् तुजी बैलजोडी मी संबाळतो!" शेजारचा गहिनीनाथ घाईघाईनं म्हणाला.

मच्छिंद्राच्या डोळ्यांतून घळाघळा पाणी वाहायला लागलं. ते धुरानं, असं सगळ्यांचं मत पडलं. चौघांनी त्याला उचलून सारवलेल्या जमिनीवर ठेवला.

आतून बनुबाई जिवाच्या आकांतानं ओरडत होती, "आरं, सोंग हाय त्येचं! जित्ता हाय त्यो!"

"पोराच्या दुःखानं म्हातारी भ्रमली बिचारी," कडूबाई म्हणाली, आणि दोन बायका तिला धरायला आत धावल्या. बनुबाईचा आवाज चिरका झाला, मग तिला ठसका लागला. ठसक्यावर ठसका. आणि एकदम सारं शांत झालं.

बांबूची, सरणाची भीती कुठल्या कुठं गेली. आई गेली! जिला जपायला हा खटाटोप मांडला, तिलाच आपण मारलं! तो बांधलेल्या तोंडानं हुंदके द्यायला लागला. आयुष्यात एवढा तो कधी भ्याला नव्हता.

तेवढ्यात गोजरबाईचा आवाज गरजला. "सरका! कोन मेलं म्हनतंय?"

ती मागच्या दारानं आधीच माजघरात आली होती. तिनं धरणाऱ्या बायकांना बाजूला लोटलं, म्हातारीला छातीशी टेकवून बसवलं, घोट घोट पाणी पाजलं आणि तिचं म्हणणं शेवटपर्यंत ऐकून घेतलं. एवढी साधी गोष्ट अख्ख्या गर्दीत कुणालाच सुचली नव्हती. आता तिनं बाहेर येऊन एका हिसक्यात मच्छिंद्राच्या जबड्याची गाठ सोडली आणि घोंगडी सैल केली.

"आईऽऽ!" मच्छिंद्र ओरडला आणि घोंगडीसकट उठला.

मग जी पळापळ झाली! कडूबाई न्हाणीत लपली. गहिनीनाथ गोठ्याकडं निघाला होता, तो कुंपणावरून उडी टाकून थेट वेशीकडं. घोंगडी ओढत, धडपडत मच्छिंद्र माजघरात शिरला. आई वळकटीला टेकून बसलेली होती. डोळे वटारून बसलेली! त्यानं तिच्या पायांवर डोकं ठेवलं आणि लहान पोरासारखा रडला.

चांगुणा दळण घेऊन आली. अंगणात तिरडीचे बांबू, रंगुबाईच्या हातात फडफडणारं कबुतर. हे सगळं बघत ती माजघराच्या दारात उभी राहिली आणि म्हणाली, "झाली का वो तपासनी?"

"कसली तपासनी?" गोजरबाईनं कमरेवर हात ठेवले.

मच्छिंद्र आईच्या पदराआड सरकला.

"तुमची!" बनुबाई म्हणाली. "माझ्या भैनीला, रतनबाईला, शेवगावात तुमीच शेवटपत्तूर सांबाळलं. मला ठावं हुतं की! पर ह्यो मला इचारंल तर ना!"

गोजरबाईनं कमरेवरचे हात काढले. मग हसू दाबत म्हणाली, "दादा, तुमी दोगं बिनघोर जावा राहुरीला. म्हातारीला आमी फुलावानी ठिवतो. पर कबुतर लावायचं असंल, तर आत्ताच सांगा."

मच्छिंद्रानं दोन्ही हात जोडले.

"गोजरबाई," बनुबाई पोराच्या डोक्यावरून हात फिरवत म्हणाली, "मी ऱ्हाईन तुमच्यापाशी सुखानं. पर राहुरीत तुमच्यावानी एखादी बाई हाय का बगा. चांगुणा एकली किती पुरी पडंल? ह्येला परमुलखात सोडायचं म्हंजी मलाच लई भ्या वाटतंय!"