आवेदिका क्रमांक एक ते चार

आमच्या टीव्हीवर नाचणाऱ्या चार गोऱ्या पोरींच्या वतीने गुलाबराव कळंबेंनी एक अर्ज लिहिला होता. जाड कागदावर, समास सोडून, शुद्ध हिंदीत, कारण आमच्या भागात कचेरीचं काम हिंदीत चालतं. मी तो स्वतः पाहिला आहे. वरच्या बाजूला ‘आवेदिका क्रमांक एक ते चार, साकिन विलायत, हाल मुक्काम शेठचा टीव्ही, तहसील सौसर’ असं लिहिलं होतं. शेठ म्हणजे मी. खाली ‘विरुद्ध’ लिहून एका सुटकेसवाल्या माणसाला अनावेदक केलं होतं. अर्ज पुरा होता. मधली एकच जागा कोरी होती. तिथे ‘कारण’ एवढं लिहून पुढे चार बोटं कागद तसाच सोडला होता.

या माणसावर माझा राग आहे, हे आधीच सांगून टाकतो. पुढे कुठे मी त्यांचं कौतुक करताना दिसलो, तर तो माझा ढिलेपणा समजावा.

गुलाबराव सौसरच्या तहसिलीसमोर कडुनिंबाखाली बसून लोकांचे अर्ज लिहायचे. पत्र्याची पेटी, तिच्यावर लाकडी फळी, फळीवर टाइपरायटर. पण बाईमाणसाचा अर्ज असला की टाइपरायटर बाजूला व्हायचा आणि टाक निघायचा. “मशीनीचा आवाज आला का बाई बोलत नाही,” असं त्यांचं म्हणणं. पार रामाकोना गावापासूनच्या बायका त्यांचं नाव विचारत यायच्या.

त्यांचा आवडता शब्द ‘कारण’. चहा नको म्हटलं तरी विचारायचे, “कारण?” न्हाव्याने दुकान लवकर बंद केलं, “कारण?” एकदा बाजारात वांगेवालीने भाव सांगितला आणि हे तिच्यासमोर उकिडवे बसून शांतपणे म्हणाले, “कारण?” बाई बिचारी पाऊसपाणी, कीड, बैलगाडीचं भाडं असं सगळं सांगत गेली आणि सांगता सांगता स्वतःच भावात उतरली. मी पांढुर्ण्याच्या स्टेशनावर संत्र्याच्या टोपल्या उचलण्यापासून सुरुवात केली आणि पुढे बागाच्या बागा झाडावर उभ्या विकत घेतल्या. घासाघीस हा माझा धंदा. पण आवाज न चढवता, एका शब्दात, तेवढा भाव मला कधी उतरवता आला नाही. याचाही राग असेल थोडा.

दुसरी सवय त्याहून अवघड. लिहिलेला प्रत्येक कागद ते ज्याचा त्याला वाचून दाखवायचे. मग तीन प्रश्न : “ऐकलं? समजलं? बरोबर हाय?” नुसती मुंडी हलवलेली चालत नसे. तीनही वेळा तोंडाने ‘हो’ आल्याशिवाय ते अंगठा घेत नसत. एक म्हातारी वैतागून म्हणाली, “एवढं तं माह्या लग्नात बी नाही इचारलं कोणी मले!”

गुलाबराव म्हणाले, “थ्याचाच अर्ज लिहून राहिलो, आजी.”

सौसरात तेव्हा रंगीत टीव्ही मोजक्याच घरी होता आणि टीव्हीसोबत व्हीसीआर तर त्याहून कमी घरी. माझ्याकडे दोन्ही होते. मस्कतला बिजलीचं काम करणाऱ्या एका मित्राने विलायती गाण्यांची एक कॅसेट दिली होती. ती माझ्यापेक्षा माझी धाकटी बहीण सिंधू जास्त पाहायची.

सिंधूचं सांगितलं पाहिजे, कारण सगळं भांडण तिच्यापायीच आहे. ती बी.ए. झालेली, इंग्रजी विषय घेऊन. पांढुर्ण्याजवळच्या एका गावात तिला दिली होती. घर चांगलं, कापूस, संत्र्याची बाग, नवरा सरळ. दारू नाही, हात उचलणं नाही. तरी दिवाळीला एक बॅग घेऊन आली ती परत जायचं नावच काढेना. मी एकदाच विचारलं, “झालं काय?” ती म्हणाली, “काही नाही, दादा.” आता ‘काही नाही’ला मी काय औषध देणार? सासूसंग पटत नसेल, असं मीच ठरवून टाकलं आणि तिच्या सासऱ्यांशी बोलणं सुरू केलं.

अशा दिवसांत एका रविवारी दुपारी गुलाबराव माझ्या विहिरीवरच्या बिजलीचा अर्ज घेऊन सहीसाठी आले. टीव्हीवर ते गाणं लागलं होतं. मोठं घर, रुंद जिना, जिन्यावर चार पोरी. केस कडब्याच्या गंजीसारखे फुगवलेले, खांदे हवालदारासारखे. बाहेर बर्फ. खाली एक माणूस सुटकेस भरतो आहे आणि एकेक पोरगी गात गात त्याची वस्तू आणून देते आहे. दाढीचं सामान, बूट, फोटोची चौकट. शेवटी एक जण त्याच्या हातात कोट देते आणि दार उघडून धरते. तो गेला की चौघी घरभर नाचतात. नाचता नाचता मागच्या खिडकीतून तो दोन-तीन सेकंद दिसतो. बर्फात उभा, कोट हातावर तसाच.

गुलाबरावांनी हातातल्या फायलीसह सगळं गाणं उभ्याने पाहिलं. मग म्हणाले, “शेठ, अनावेदकाचा दोष काय?”

“मले काय माहीत? आवडलं तं पाहा, नाही तं सही घ्या.”

“चौघींचा एकच अनावेदक कसा काय?”

सिंधू आतून म्हणाली, “काका, थो एकीचाच हाय. बाकीच्या तिच्या मैत्रिणी.”

“मंग त्या साक्षीदार झाल्या.” गुलाबरावांनी पुन्हा टीव्हीकडे पाहिलं. “पण साक्षीदार असं नाचत नसते, बाई. त्या पक्षकारच हायेत.”

सिंधू हसली. आमच्या घरी आल्यापासून पहिल्यांदा.

त्यानंतर दर रविवारी जेवणं आटोपली की गुलाबराव हजर. खुर्चीवर टोपी काढून बसायचे आणि सिंधूला म्हणायचे, “हं, बाई, वाचून दाखवा.” मग ती कॅसेट थांबवत थांबवत एकेक ओळ मराठीत सांगायची आणि हे पाठकोऱ्या कागदांवर टिपून घ्यायचे.

“ती म्हणून राहिली का, माझ्या पायात माझेच जोडे आहेत.”

“जोड्याचा वाद हाय का?”

“नाही काका, म्हणजे मी माझी चालू शकते.”

“बरं. पुढं?”

“आपला कोट घेऊन जा, थंडीचं माझं मी पाहून घेईन.”

“थंडी तं हायच. बर्फ पडून राहिला आन् बाह्या नाहीत पोरीच्या कपड्याले. पण कारण? थ्यानं केलं काय?”

“ते गाण्यात नाही, काका.”

“असं कसं नाही? पाहा बरं पुन्हा. एखाद्या ओळीत असंल दडलेलं.”

आणि पुन्हा कॅसेट मागे. मी पलीकडच्या खोलीत व्यापाऱ्यांशी बोलत असायचो आणि कान इकडे. सिंधू माझ्याशी दिवसातून चार शब्द बोलायची आणि या म्हाताऱ्याशी तासभर. मला वाटायचं, बोलू दे. मन रमतं आहे. तोवर मी माझं काम करून घेतो.

माझं काम झकास चाललं होतं. सिंधूचे सासरे घासाघिशीत पक्के, पण मी त्यांचा बाप. तीन बैठकींत मी वेगळी चूल कबूल करवली, गॅस कबूल करवला, वर्षातून चारदा माहेर कबूल करवलं. शिलाई मशीनवर गाडी अडली होती, तीही शेवटी निघाली. शनिवारी जामसांवलीला हनुमानाचं दर्शन घेऊन तिथेच समझोत्याचा कागद करायचा आणि सिंधूला तिथूनच त्यांच्या जीपमध्ये बसवून द्यायचं ठरलं. तिची बॅग मी तिथे पोचल्या पोचल्या जीपमध्ये ठेवली. इतका चांगला सौदा मी जन्मात केला नव्हता. कागद लिहायला अर्थात गुलाबराव.

दर्शन झालं. देवळाबाहेर झाडाच्या सावलीत सतरंजी पसरली. एका बाजूला तिचे सासरे आणि नवरा, दुसरीकडे मी आणि सिंधू, मध्ये गुलाबराव पेटी घेऊन. एकेक कलम त्यांनी सुंदर अक्षरात लिहिलं. मग चष्मा पुसून सगळं वाचून दाखवलं. आणि सिंधूकडे वळले.

“सिंधूबाई, ऐकलं?”

“हो.”

“समजलं?”

“हो.”

“बरोबर हाय?”



मी म्हटलं, “बरोबर हाय, बरोबर हाय. घ्या सही.”

“तुमाले नाही इचारलं, शेठ.”

सासरे घड्याळाकडे पाहून म्हणाले, “एवढं काय इचारून राहिले बाप्पा? घरचीच गोष्ट हाय.”

“घरचीच हाय, म्हणून तं.” त्यांनी पुन्हा तिलाच विचारलं, “बाई, बरोबर हाय?”

सिंधू म्हणाली, “नाही, काका.”

गुलाबरावांच्या तोंडून सवयीने तो शब्द निघालाच. “कारण?”

आम्ही सगळेच पुढे वाकलो. तिचा नवरासुद्धा. त्याचं तोंड मला अजून आठवतं. त्यालाही ते खरंच ऐकायचं होतं.

सिंधूने खाली पाहिलं नाही. “कारण सांगितलंच पाहिजे का, काका? त्या गाण्यातली पोरगी कुठं सांगते?”

गुलाबरावांनी चष्मा काढला. मग टाक पुसून ठेवला, कागदाची चौघडी केली आणि म्हणाले, “कागद झाला नाही.”

सासरे उठले, नारळ-प्रसाद तिथेच ठेवून जीपमध्ये बसले. मी धावत जाऊन तिची बॅग कशीबशी उतरवून घेतली. त्या वर्षी त्यांची बाग, जी मी झाडं मोजून मनात विकत घेऊन टाकली होती, ती दुसऱ्या व्यापाऱ्याकडे गेली. सौसर येईपर्यंत मी बसमध्ये ओरडत होतो. सिंधू खिडकीबाहेर पाहत होती आणि गुलाबराव पेटी मांडीवर घेऊन समोर.

दुसऱ्या दिवशी सकाळी मी त्यांच्या घरी गेलो, भांडायलाच. इतक्या वर्षांत त्यांच्या घरी जायची ती पहिलीच वेळ. एक खोली, मागे स्वयंपाकघर. चुलीजवळ एक ताट, एक पेला. मी उभ्यानेच सुरू झालो. म्हटलं, आमच्या घरात येऊन तुम्ही पोरीचं डोकं फिरवलं, लागलेला संसार मोडला, एक सही घ्यायला तुमचं काय जात होतं?

ते ऐकत राहिले. माझा दम संपला तेव्हा उठून त्यांनी पेटी उघडली आणि तळातून एक जुना कागद काढून माझ्या हातात दिला.

अक्षर त्यांचंच. अर्ज खावटीचा, म्हणजे पोटगीचा. आवेदिका शांताबाई. अनावेदक गुलाबराव कळंबे, धंदा अर्जीनवीस.

“तुमच्या बायकोचा अर्ज? तुमच्याइरुद्ध? आन् लिहिला तुमी?”

“तहसिलीत बायांचे अर्ज मीच लिहीत होतो. तीही लाइनीत उभी राहून आली, नंबरानं. दुसऱ्या कोणाकडं गेली असती तं थ्यानं बिघडवून ठेवला असता.”

मी वाचू लागलो. ‘कारण’ या शब्दापुढे अकरा कलमं होती. अनावेदक जेवताना पेपर वाचतो. अनावेदक मेहुण्याच्या लग्नात ऐन अक्षतांना पोचला. अनावेदक घरी अर्जाच्या भाषेत बोलतो. आवेदिकेने माहेरी लिहिलेल्या पत्रातल्या चुका अनावेदकाने लाल शाईने दुरुस्त केल्या. मी खरोखर हसलो असतो, पण ते समोर उभे होते.

“हे तिनं सांगितलं?”

“नाही ना. मी इचारलं, कारण काय लिहू? ती म्हणे, तुमीच लिहा तुमच्या मनानं. मी मंग आठवू आठवू लिहिलं. काहीच सोडलं नाही. वाचून दाखवलं. ऐकलं म्हणे. समजलं म्हणे. बरोबर हाय का म्हटलं, तं म्हणे, यातलं एकही नाही. पण तुमी एवढी मेहनत केली, आणा, सही करते.”

“आन् तुमी घेतली सही?”

“घेतली. थ्याच दिवशी तेवढी चूक झाली.” त्यांनी कागद माझ्या हातून घेतला आणि जुन्या घड्यांवरच अलगद मिटला. “तवापासून ‘बरोबर हाय’ आल्याबिगर मी कागद पुरा नाही करत.”

“मंग खरं कारण काय होतं?”

“थेच तं पाहून राहिलो, शेठ.”

मी घरी आलो. भांडण अर्धं टाकून परत यायची माझी ती एकच वेळ.

सिंधूने पुढे बी.एड. केलं आणि पांढुर्ण्याच्या एका शाळेत ती इंग्रजी शिकवू लागली. तिथेच खोली करून राहते. तिचं कारण मी अजून विचारलेलं नाही. सुट्टीत येते तेव्हा माझ्याशीही तासभर बोलते. ते बोलणं मोडायची माझी तयारी नाही.

गुलाबरावांवरचा राग आहेच. पण रविवारी दुपारी ते येतात आणि मी कॅसेट लावतो. आता भाषांतर लागत नाही, त्यांना सगळ्या ओळी पाठ आहेत. मला मात्र एक गोष्ट उशिरा कळली. पोरी नाचत असतात तेव्हा हे पोरींकडे पाहतच नाहीत. मान थोडी पुढे करून मागच्या खिडकीची वाट पाहत बसतात. म्हणून हल्ली मी तिथे बटण दाबून चित्र थांबवतो. कॅसेट झिजली आहे, थांबवलं की चित्र थरथरतं. बर्फात तो माणूस हातावर कोट घेऊन थरथरत उभा राहतो.

गुलाबराव त्याच्याकडे पाहतात आणि हळूच म्हणतात, “अंगात घाल ना बाबू थो कोट. तिनं दिला हाय ना.”