माळावरची सात खोकडं

वाघाळीच्या माळावर किती खोकडं आहेत ते जाहीर झालं आणि दुसऱ्याच दिवशी एक खोकड हरकत नोंदवायला वनखात्याच्या कार्यालयात आली. खोकड म्हणजे माळावरचा बारका कोल्हा. ही मादी होती. दाराशी पाय झटकून ती बाकावर बसली.

माळावर कॅमेरे बांधले होते वनरक्षक वैजयंता घुलेनं. समोरून जनावर गेलं की ते आपोआप फोटो काढत. तिनं विचारलं, "काय हरकत आहे?"

"सात लिवलंय तुमी. सातीबी फोटूत मीच हाय, ताई."

वैजयंतानं फोटो टेबलावर मांडले. वाघ पट्ट्यांवरून ओळखता येतो. खोकडीच्या अंगावर तशी खूण नसते.

"हा तळ्याकाठचा?"

"मीच."

"बाभळीखालचा?"

"मीच. भिजले हुते, म्हणून बारीक दिसतीय."

"एवढी कशाला फिरत होतीस?"

"दुसरं कुणी हाय का, बघत हुते."

आतून बोराटे साहेब आले. हरकत ऐकून त्यांनी चष्मा पुसला. "हे बघा बाई, पाचाच्या आत आकडा आला तर माळ कारखान्याला जातो."

"पर एकटी लिवलं, तर जोडीला कुणी आणून सोडाल की."

"सोडू. पण कुठं सोडू?"

खोकडीनं शेपूट पायांभोवती ओढून घेतली. ती म्हणाली, "मग ऱ्हाऊ द्या सात." दारापर्यंत जाऊन ती वळली. "ताई, बिळाजवळची मी धरा. बाकीच्या सहा कुठं ऱ्हात्यात, तेवढं सांगा."

वैजयंताला नाही म्हणवेना. भिंतीवरच्या नकाशावर बोट ठेवून तिनं एकेक जागा दाखवली.

पुढच्या महिन्यात फोटो आले. सहाही कॅमेऱ्यांत तेच होतं. खोकड येई, तोंडातला उंदीर खाली ठेवी, कॅमेऱ्याकडे तोंड करून थोडा वेळ बसे आणि निघून जाई. उंदीर तसेच पडून होते. तिच्या बरगड्या मात्र दर फोटोत जरा जास्त दिसत होत्या.

"साहेब, ही स्वतः काही खात नाही," वैजयंता म्हणाली.

"दुसऱ्यांना देते, हे महत्त्वाचं," साहेब म्हणाले आणि त्यांनी अहवालात लिहिलं: माळावरची खोकडं एकमेकांना सांभाळून असतात.

वैजयंतानं ते दोनदा वाचलं. खोटं त्यात काही नव्हतं. तिनं खाली सही केली.