हैबतरावांचे मिशीस मुसके पडले त्याची हकिकत

॥ श्री भूमाता प्रसन्न ॥ तिचे पोटी ओल राहो, नाल्यास मासोळी राहो, आणि हे लिहिणाराचे व वाचणाराचे डोळे न चुरचुरोत. शके एकोणीसशे एकेचाळीस, विकारीनाम संवत्सर, श्रावणाचे अखेरीस एका राज्यी जे वर्तमान घडले ते जैसे ऐकिले तैसे लिहिले आहे. पदरचे मीठ घातले ते चवीपुरते.

राज्याचे नाव सांगण्याचे कारण नाही. काळी जमीन, पांढरा कापूस आणि बोलकी माणसे, इतुकी ओळख पुरे. त्या राज्यावर त्या साली गुलाबी अळीने स्वारी केली. शत्रू दिसण्यात नाजूक, परंतु मोठा कपटी. बोंडाचे आत शिरोन दार लावोन घेई आणि निवांत सरकी खात बसे, बाहेरोन बोंड जैसे तैसे. मग राज्यातील समस्त शेतकरी पाठीस पंप बांधोन रणात उतरले, आणि त्या सर्वांत अग्रेसर ऐसा खासा वीर म्हणजे राजश्री हैबतराव गावंडे. त्यांची मिशी म्हणाल तर दोहों गालांवरोन पसरोन कानांशी सल्लामसलत करावयास गेलेली, आणि गावात वाद पडला म्हणजे लोक आधी तिजकडे पाहत, ती वर चढली की खाली उतरली, आणि मग आपले मत बनवीत. फवारणीस निघाले म्हणजे हैबतराव तोंड उघडे, छाती उघडी, कानाशी विडी, ऐसे निघत. वारा समोरोन येवो की मागोन, त्यांस तमा नाही. बाटलीवर लाल त्रिकोण दिसला म्हणजे हर्ष होई, की लाल तेच जालीम, आणि मापाचे टोपण एक सांगितले असता हे उदार मनाने दोन ओतीत. फवारा वाऱ्याने उलटोन तोंडावर आला तर मिशीवरोन हात फिरवोन म्हणत, "औषधच त हाये. औषधानं कोनी मरते का?" आणि सांजेस पंप गावचे नाल्यात विसळोन, रिकामी बाटली तेथेच सोडोन, तैसेच घरी येत. घरी त्यांची नात मंजी, वय चार वर्षे, दारातच वाट पाहत बसे, आणि आजोबा ओसरीवर टेकले रे टेकले की दोहों हातांनी मिशी धरोन झोके घेई. त्या झोक्यापुढे हैबतरावांस राज्य तुच्छ वाटे, हे खरे.

तो दरबारी चिंता पडली होती. मागले हंगामात कितीएक बहाद्दर रानातोन चक्कर येऊन पडले आणि त्यांतील सारेच उठले नाहीत, म्हणोन त्र्यंबकपंत अमात्य, गृहस्थ सज्जन, चेहरा तुळतुळीत, यांणी नवे फर्मान काढिले की, जो कोणी फवारील त्याने आधी बाटलीवरील त्रिकोणाचा रंग पाहावा आणि माप सांगितले तितुकेच घ्यावे, वारा पाठीवर घ्यावा, हाती मोजे व डोळियांस चष्मा घालावा, मुखास मुसके बांधावे, मध्ये विडी-तंबाखूस शिवो नये, फुलोऱ्यावर मधमाशी असता पंप उघडो नये, नाल्यात काही विसळो नये, रिकामी बाटली भोक पाडोन नाल्यापासोन दूर पुरावी, आणि घरी येताच आधी न्हावे, मग लेकरास शिवावे. फर्मान उत्तम. परंतु ते घेऊन निघाला सदोबा दवंडीवाला, आणि निघाला तो नेमका पोळ्याचे दिवशी.

पोळ्याचे दिवशी त्या राज्यात बैलाचे आधी पाहुण्यास पुरणपोळी मिळते. सदोबाने कोणत्याही घरचा मान मोडिला नाही. हैबतरावांचे गावी येईतो त्यास आपले पोट दिसे, पुढील वाट दिसेना, आणि फर्मानाचे कागदावर तुपाचा डाग पडोन नेमका एक शब्द भिजला. मग त्याने ढोलकी बडवोन पुकारिले की, "ऐका हो ऐका! जो फवारील त्याच्या सरकारातून मुसक्या बांधाव्या!" आणि जांभई देऊन पुढील गावास गेला. मग काय विचारता! मुसके कोठे आणि मुसक्या कोठे! एक बैलाचे तोंडास, दुसऱ्या चोराचे दंडास. पंप माळ्यावर चढले, बायांनी बाटल्या राखेत लपविल्या, जवान होते ते पांदणीने पसार जाहले, आणि खासे हैबतराव कडब्याचे गंजीआड दडोन बसले. दडले उत्तम, परंतु मिशीची दोन्ही टोके गंजीचे दोहों बाजूंस बाहेर राहिली, तेणेकरोन येणारे जाणारे सर्वांनी त्यांस रामराम घातला. इकडे शत्रूस मैदान मोकळे मिळाले, आणि अळीने बोंडामागोन बोंड घेतले.

हे वर्तमान कळताच अमात्य मोटारीत बसोन स्वतः आले, आणि पारावर सभा भरवोन एक एक शब्द फोडोन सांगते जाहले, आणि मुखपट्टी काढोन दाखविली की मुसके ते हेच, कोणास धरावयाचे नाही. लोकांचे जिवात जीव आला. तो हैबतराव, अंगावर कडब्याची काडी तैसीच, उठोन उभे राहिले.

"पंत, मुसकं बैलाले बांधतेत. काहून? त त्यानं पीक खाऊ नये. मी काय फवारता फवारता पऱ्हाटी चरनार हाओ का?"

सभा हसली. अमात्य म्हणाले, "हैबतराव, बैलाचे मुसके पिकासाठी असते. हे तुमचेसाठी आहे."

"अन् मिशी?"

"ती आत राहील."

"आत?" हैबतरावांचा आवाज चढला आणि मिशीही चढली. "ही मिशी झाकली जाईन त माह्या तिरडीवर! त्याच्या अगुदर नाही. सांगून ठेवतो."

तेव्हा लोकांनी ऐसी टाळी दिली की पारावरील कावळे उडाले. अमात्यांनी आपले कोरे ओठावर नकळत बोट फिरविले. ज्याचे ओठी काही नाही त्याने मिशीवाल्यास काय समजवावे! आणि हैबतराव नाही म्हणाले तेथे दुसरा हो म्हणतो कैसा? सरकारी मुखपट्ट्या घरोघर वाटल्या, त्यात कोणी भेंडीचे बी बांधोन ठेविले, कोणी बकरीचे पिलास टोपरे केले. अमात्य खिन्न होऊन गावातच मुक्कामी राहिले, की गाव सोडोन जावे तर दरबारी काय तोंड दाखवावे.

दुसरे दिवशी हैबतराव रणात उतरोन अळीवर तुटोन पडले, वारा समोरचा, टोपणे दोन, आणि सांजेस विजयी मुद्रेने घरी येऊन ओसरीवर टेकले. मंजीने धावत येऊन मिशी धरिली, झोके घेतले, आणि लाडात येऊन मिशीचे एक टोक तोंडात धरोन चोखिले. आजोबा हसले. मग थोडे वेळाने मंजी खेळता खेळता बसली, ओकली, तोंडातोन लाळ गळो लागली, अंगास घाम सुटला, आणि डोळ्यांच्या बाहुल्या मोहरीएवढ्या जाहल्या. गिरजाबाई, हैबतरावांचे कुटुंब, हिने नातीस पाहिले मात्र, आणि जो टाहो फोडिला त्याने अमात्य जेवते ताटावरोन उठोन आले. मोटार होतीच. तीत घालोन मंजीस तालुक्याचे राजवैद्याकडे नेले.

वैद्याने आधी पोरीचे कपडे उतरवोन साबणाने न्हाऊ घातले, आणि सुई टोचिली, आणि पुसिले, "काय खाल्ले हिने?"

"कायीच नाही जी," हैबतराव बोलिले. "माह्या मांडीवर तं होती."

वैद्य जवळ आले, नाक पुढे केले, आणि मिशीपाशी येऊन थांबले. "फवारून आलात?"

"हाव. औषध मारून आलो."

"औषध मी देतो ते, हैबतराव. तुम्ही मारता ते विष. आणि ते हिने तुमचे मिशीतून घेतले."

 गिरजाबाई रागे भरणारी बाई नव्हे, परंतु त्यासमयी ती हळूच म्हणाली, "वैरी वावरात मारत होते ना? मिशीत घालून घरी आनला."  ज्या मिशीस क्षणोक्षणी पीळ द्यावयाची हैबतरावांस सवय, तिजकडे त्यांचा हात उचलेना. मग ते नळापाशी गेले आणि साबणाने मिशी धुतली, पुन्हा धुतली, ओठ लाल होईतो धुतली, आणि धुता धुता मोठा माणूस ढसाढसा रडला. पाणी आणि डोळे एकच जाहले.

देवाची कृपा आणि मोटारीचा वेग, दोहोंचे बळे मंजी वाचली. उजाडता तिने डोळे उघडोन भाकर मागितली, आणि गिरजाबाईने वैद्याचे पाय धरिले. हैबतरावांनी तेच समयी न्हावी बोलाविला होता. खाली मान घालोन म्हणाले, "काढून टाक, बापा. सबंध." न्हाव्याने वस्तरा काढिला, तो खाटेवरोन बारीक आवाज आला, "आबाची मिशी नोका कापू! मी कायले धरू मंग?" न्हावी थांबला. सर्वांचे तोंडाकडे पाहोन त्याने वस्तरा पुसोन पेटीत ठेविला आणि मजुरी न घेता गेला.

आता आली पंचाईत. मिशी ठेवावी तर झाकावी लागे, आणि झाकावी तर पारावर चारचौघांत बोललेला शब्द जाई. घरी आल्यावर पुढील फवारणीचे सकाळी हैबतराव मुखपट्टी हातात घेऊन ओसरीवर बसले, उठेनात.

"आयकलं का जी," गिरजाबाई म्हणाली, "ऊन चढून राह्यलं. बांधा."

"लोक काय म्हनतीन व? भर सभेत बोललो मी. तिरडीवर म्हनलं."

"बोलले असान. निस्तरा आता."

परंतु नवऱ्याचा चेहरा पाहोन तिचे मनात कळवळा आला. तिने सुई आणि काळा दोरा काढिला, मुखपट्टीवर धरिला, आणि पुन्हा ठेविला. "सुईनं भोक पडन, अन् भोकातून वैरी शिरन," ऐसे पुटपुटोन तिने काजळाची डबी आणिली आणि मंजीपुढे ठेविली. मंजीने बोट बुडवोन आजोबांचे मुसक्यावर मिशी काढिली. एक टोक कानापर्यंत चढले, दुसरे हनुवटीखाली घसरले, मध्ये एक ठिपका पडला तो नाकाचा की कशाचा हे कोणास समजेना. हैबतरावांनी ते मुसके बांधोन आरशात पाहिले. मग ताठ जाहले. "झाकली नाही," म्हणाले, "मिशीवर मिशी चढवली."

आणि त्या स्वरूपे, डोळियांस चष्मा, हाती मोजे, कानाशी विडी नाही, हैबतराव गावातोन निघाले.  पारावर आधी एक म्हातारा ठसका लागेतो हसला, आणि त्याचे मागोन समस्त गाव हसले. हैबतरावांनी उत्तरादाखल मोठे भाषण केले, परंतु ते मुसक्याचे आतच राहिले, कोणास अक्षर ऐको आले नाही, आणि ही गोष्टही गावास पसंत पडली. त्यांणी चिमूटभर माती उडवोन वारा पाहिला, तो पाठीवर घेतला, टोपण एकच ओतिले, आणि सायंकाळी ताजेतवाने परत आले. डोके दुखले नाही. तेव्हा त्यांस कळले की इतुकी वर्षे जे दुखे त्यास ते मर्दुमकी समजत होते.

मग काय! घरोघर भेंडीचे बी मुखपट्टीतोन बाहेर पडले, बकरीचे पिलू उघडे पडले, आणि ज्याचे घरी लहान पोर त्याने त्याजकडोन मिशी काढविली, ज्याचे घरी नाही त्याने शेजारचे पोरास गूळ देऊन काढविली. ज्यांस जन्मात मिशी धड फुटली नव्हती त्यांचे हौसेस पारावार नाही. बाया पाणी वाहत आणि मिश्रण करीत, त्यांचे तोंडास आजवर केवळ पदर; त्यांणीही मुसके मागितले, आणि गिरजाबाईने आपले मुसक्यावर नवऱ्याहोन वीतभर मोठी मिशी काढविली. हैबतरावांनी ती पाहिली आणि न पाहिल्यासारखे केले. अमात्यांनी फर्मानास खाली एक ओळ जोडिली की, मुसके सक्तीचे, मिशी ऐच्छिक. आणि जाता जाता, कोणी पाहत नाहीसे बघोन, मंजीपुढे हळूच आपली मुखपट्टी धरिली.

शत्रू समूळ बुडाला ऐसे म्हणता येत नाही, अळी ती अळीच; परंतु कापूस घरात आला आणि माणसेही घरात आली. नाल्यात बाटल्या पडेनाशा जाहल्या, तेव्हा दिवाळीपुढे त्यात बोटाएवढी मासोळी दिसो लागली, आणि गाव ती पाहावयास गेले.

मंजीने मात्र आपले फर्मान निराळे काढिले. सांजेस ती दारात उभी राही आणि आजोबांची मिशी पाही. मिशी ओली, म्हणजे आबा न्हाले, मग झोका. एके दिवशी हैबतराव फार थकले होते. मागले दारी न्हाणीत ऊन पाणी काढिलेले, तरी म्हणाले आज असू दे, आणि तैसेच दाराशी आले. मंजीने दोहों हातांनी चौकट अडविली.

"आबा, मिशी कोरडी हाये. वापस जा."

ज्यांणी भर सभेत अमात्यांचे ऐकिले नाही, त्या हैबतरावांस नातीचे ऐकावे लागले. मग शत्रूस कधी पाठ न दाविलेला तो वीर नातीस पाठ दावोन मुकाट न्हाणीकडे चालता जाहला.

हकिकत इतुकीच. मिशी झाकली तेणे मिशी राहिली, मिशीवाला राहिला, आणि मिशी धरणारीही राहिली. तेव्हापासोन त्या राज्यात कोरड्या मिशीस घरात प्रवेश नाही. लेखनसीमा.